'आम्ही' आणि 'आपण' : यान ब्वोन्स्की यांच्या एका निबंधाविषयी

११ जानेवारी १९८७ रोजी क्राकुफ येथून निघणाऱ्या 'तिगोद्निक पोव्शेख्नी' या कॅथलिक साप्ताहिकात यान ब्वोन्स्की या पोलिश साहित्येतिहासकाराचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'गरीब पोलिश लोक घेट्टोकडे पाहतात' असा होतो. निबंधात नवी कागदपत्रे नव्हती, साक्षीपुरावे नव्हते, आकडेवारी नव्हती. चेस्वाव मिवोश यांच्या दोन कवितांचे वाचन आणि त्या वाचनातून निघालेली काही विधाने, एवढाच त्याचा ऐवज. तरीही या निबंधाने संपादकांकडे पत्रांचा असा ओघ सुरू झाला आणि असा वाद पेटला, की पोलंडमध्ये नाझी काळातील ज्यूसंहाराची जाहीर चर्चा या निबंधापासून मोजण्याचा प्रघात पडला आहे. इतिहासकारांना जे साधले नव्हते ते कवितेच्या एका वाचकाला कसे साधले, हा प्रश्न समीक्षेच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. वादाचा राजकीय वृत्तान्त पुष्कळांनी लिहिला आहे. वाचनपद्धतीकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे.

या प्रश्नाकडे मी वळलो तो एका किरकोळ अडचणीमुळे. एम.ए.च्या वर्गासाठी इंग्रजी अनुवादावरून या निबंधाचा मराठी मसुदा करीत असताना पहिल्याच पानावर अडखळलो. निबंधभर प्रथमपुरुषी अनेकवचन आहे. पोलिशमध्ये त्यासाठी एकच सर्वनाम, इंग्रजीतही एकच. मराठीत मात्र 'आम्ही' म्हणावे की 'आपण', याचा निर्णय प्रत्येक वाक्यापाशी घ्यावा लागतो. ऐकणाऱ्याला वगळणारे ते 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे ते 'आपण', हा भेद आपल्या भाषेत इतका अंगवळणी पडलेला आहे की आपल्याला तो जाणवतही नाही. ब्वोन्स्की यांच्या निबंधाचा सारा ताण याच भेदात आहे, असे मला त्या मसुद्याच्या निमित्ताने दिसू लागले.

ब्वोन्स्की यांचा जन्म १९३१ मध्ये वॉर्सा येथे झाला. एप्रिल १९४३ मध्ये त्या शहरातील घेट्टोत उठाव झाला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. शिक्षण क्राकुफच्या यागिएलोनियन विद्यापीठात झाले, पुढे अध्यापनही बव्हंशी तेथेच केले. काही काळ फ्रान्समध्येही शिकविले. त्यांचे गुरू काझिमिएझ विका. 'क्राकुफ समीक्षा-संप्रदाय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुण समीक्षकांत ल्युदविक फ्लाशेन, आन्द्झेय कियोव्स्की, कोन्स्तान्ती पुझिना यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. पहिले पुस्तक १९५६ चे. १९६५ मध्ये प्रूस्तवर आणि १९६७ मध्ये मिकोवाय सेम्प शाझिन्स्की या सोळाव्या शतकातील कवीवर त्यांनी ग्रंथ लिहिले. १९७० मध्ये रोलाँ बार्त यांच्या निबंधांची पोलिश निवड प्रस्तावनेसह सिद्ध केली. गोम्ब्रोविच, म्रोझेक, मिवोश यांच्यावरील पुस्तके १९९० नंतरची. १० फेब्रुवारी २००९ रोजी क्राकुफ येथे त्यांचे निधन झाले.

या सरळ दिसणाऱ्या आलेखात दोन गोष्टी थांबून पाहण्यासारख्या आहेत. पहिली, गुरूची. विका यांनी युद्ध संपताच, १९४५ मध्ये, जर्मन अंमलाखालील पोलिश अर्थव्यवहारावर एक निबंध लिहिला होता. ज्यूंची दुकाने, धंदे, जागा रिकाम्या होत गेल्या आणि त्या पोलिश हातांत कशा आल्या, याचे त्यात निष्ठुर वर्णन आहे. खुनाचे पाप जर्मनांच्या माथी, आणि दुकानाच्या किल्ल्या व गल्ला मात्र आपल्याकडे, अशा अर्थाची त्यांची मांडणी आहे. म्हणजे १९८७ मधील निबंध आभाळातून पडलेला नाही. साहित्येतिहासकाराने समाजाच्या नीतीचा हिशेब मांडावा ही रीत ब्वोन्स्की यांना गुरुगृहीच मिळालेली होती. फरक एवढाच की विका यांनी अर्थव्यवहाराच्या भाषेत जे सांगितले, ते शिष्याने पापाच्या भाषेत सांगितले. सेम्प शाझिन्स्कीसारख्या, देह, जग आणि सैतान यांच्याशी झुंजणाऱ्या कवीवर ज्याने वर्षानुवर्षे काम केले त्याला ही भाषा परकी नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. जानेवारी १९५३ मध्ये क्राकुफच्या धर्मप्रांतातील पाद्री व इतरांवर हेरगिरीचा बनावट खटला चालविण्यात आला. तिघांना मृत्युदंड ठोठावण्यात आला, जो पुढे अमलात आला नाही. ८ फेब्रुवारी रोजी लेखकसंघाच्या क्राकुफ शाखेने आरोपींचा धिक्कार करणारा ठराव केला. पन्नासाहून अधिक स्वाक्षऱ्या त्यावर आहेत. त्यांत शिम्बोर्स्का आहेत, म्रोझेक आहेत आणि बावीस वर्षांचे ब्वोन्स्कीही आहेत. तो ठराव प्रथमपुरुषी अनेकवचनातच बोलतो. मराठीत तेथे निःसंशय 'आम्ही' येईल : जमलेले 'आम्ही', आणि समोर देशद्रोही 'ते'. या स्वाक्षरीचे प्रायश्चित्त म्हणून चौतीस वर्षांनंतरचा निबंध लिहिला गेला, असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. तसे मानावयास आधार नाही, आणि चरित्रातून संहितेचा अर्थ काढण्याची ही रीत ब्वोन्स्की यांनाही मान्य झाली नसती. एवढेच नोंदवितो की इतरांच्या अपराधाविषयी एकमुखाने बोलणारे अनेकवचन कसे असते हे त्यांना आतून ठाऊक होते. १९८७ चा निबंध त्याच सर्वनामाला नेमके उलटे काम देतो.

आता कवितांकडे वळू. दोन्ही कविता १९४३ च्या, दोन्ही मिवोश यांच्या १९४५ च्या 'ओत्सालेनिए' या संग्रहातील. पहिल्या कवितेचे नाव 'काम्पो दि फिओरी'. रोममधील ज्या चौकात १६०० मध्ये जोर्दानो ब्रूनोला जिवंत जाळण्यात आले, त्या चौकातील बाजाराची पुन्हा सुरू झालेली वर्दळ आणि वॉर्साच्या घेट्टोच्या भिंतीलगत उन्हाळ्यासारख्या रविवारी फिरणारा जत्रेतील पाळणा, ही दोन दृश्ये तीत शेजारी ठेवली आहेत. कविता गाजलेली आहे आणि सुंदर आहे. हाच तिचा दोष. मिवोश यांनी पुढे एका मुलाखतीत तिला अनैतिक म्हटले, कारण मरणाविषयी ती पाहणाऱ्याच्या जागेवरून लिहिली गेली आहे. ब्वोन्स्की हा आक्षेप गंभीरपणे घेतात. कवितेतील निवेदक पाळण्यावरच्या गर्दीपासून स्वतःला वेगळा काढतो, मरणाऱ्यांच्या एकाकीपणाविषयी बोलतो, भविष्यातील कवीच्या शब्दावर विसंबतो. तो गर्दीत नाही आणि भिंतीपलीकडेही नाही. मग तो कोठे उभा आहे?

दुसरी कविता या प्रश्नाला सामोरी जाते. 'गरीब ख्रिस्ती माणूस घेट्टोकडे पाहतो' हे तिचे शीर्षक, आणि 'गरीब लोकांचे आवाज' या मालिकेतील ती एक आहे. हे ध्यानात घ्यावयास हवे, कारण येथे बोलणारा 'मी' कवी नव्हे; तो एक पात्र आहे. मूळ पोलिश विशेषणात निर्धनता आणि दयनीयता हे दोन्ही अर्थ आहेत; मराठीत 'गरीब' आणि 'बिचारा' हे जोडीने म्हटले तर ती छटा जवळपास येते. कवितेत सारे मोडून, जळून, चिरडून गेले आहे. मुंग्या आणि मधमाश्या उरलेल्या अवयवांभोवती आपले बांधकाम करीत आहेत. मातीखालून एक चिचुंद्रीसारखा प्राणी, कपाळावर लाल दिवा बांधलेला, पुढे सरकतो आहे. पुरलेली शरीरे तो स्पर्शून मोजतो. कोणती राख कोणाची हे त्याला कळते. बोलणाऱ्याला त्याची भीती वाटते. कारण त्याची पाळी येईल तेव्हा तो माणूस स्वतःला नव्या कराराचा ज्यू म्हणवील, येशूच्या पुनरागमनाची दोन हजार वर्षे वाट पाहणारा. आणि तरीही त्या रक्षकाकडून त्याची गणना मारणाऱ्यांना हातभार लावणाऱ्यांत होईल.

आता शीर्षकातील 'पाहतो' हे क्रियापद पुन्हा वाचावे. या कवितेत पाहणारा कोणीच नाही. बोलणारा स्वतःच ढिगाऱ्याखाली मोडून पडला आहे, आणि तपास करणारा प्राणी तर बहुधा आंधळ्या जातीचा. पाहण्याची जागा मोजले जाण्याने घेतली आहे. पहिल्या कवितेतील सुरक्षित प्रेक्षक येथे तपासणीच्या रांगेत आला आहे. ब्वोन्स्की यांना हे स्थानांतर दिसले. आयुष्यभर कादंबरीत, नाटकात, कवितेत 'कोण बोलतो, कोठून बोलतो' हाच प्रश्न विचारीत आलेल्या अभ्यासकाला ते दिसावे, यात नवल नाही. ही भीती ते उलगडून पाहतात. हा माणूस निरपराध असेल तर घाबरतो का? आणि अपराधी असेल तर त्याने केले काय? त्याने केले काहीच नाही. येथेच त्यांना त्यांचा मुख्य भेद सापडतो : गुन्ह्यातील सहभाग वेगळा आणि दोषातील वाटा वेगळा. गुन्ह्यात भाग न घेताही माणूस दोषाचा वाटेकरी होऊ शकतो.

आपल्याकडे कवितेच्या सूक्ष्म वाचनाला 'आकृतिवादी' ठरवून सामाजिक समीक्षेच्या विरुद्ध बाजूला उभे करण्याची एक सवय आहे. त्या सवयीला हे उदाहरण अडचणीचे आहे. निवेदक, संबोधन, क्रियापदाचा काळ या बाबींवर ज्याचे लक्ष नाही त्याला मिवोश यांच्या दुसऱ्या कवितेत युद्धाचे एक भयाण कल्पनाचित्र दिसेल, दोषाचा वाटा दिसणार नाही.

पण येथून पुढे ब्वोन्स्की जी उडी घेतात ती कवितेच्या बाहेरची आहे, आणि ती शीर्षकातच घेतलेली आहे. मिवोश : गरीब ख्रिस्ती माणूस, एकवचनी. ब्वोन्स्की : गरीब पोलिश लोक, अनेकवचनी. एका शीर्षकात दोन बदल केले आहेत. पैकी अनेकवचन मला समर्थनीय वाटते. ते 'काम्पो दि फिओरी'तील गर्दीतून आले आहे. पहिल्या कवितेतील अनेकांना दुसऱ्या कवितेतील एकाच्या जागी आणून उभे करणे, हेच या निबंधाचे काम आहे. पाळण्यावरच्यांना मातीखाली नेले आहे. दुसरा बदल, ख्रिस्ती माणसाच्या जागी पोलिश, मात्र महागात पडलेला आहे. कवितेतील माणूस भयाच्या क्षणी स्वतःला एका प्रकारचा ज्यू म्हणवितो. धर्माच्या अंगाने त्याचे आणि मेलेल्यांचे एक नाते आहे. ते त्याला वाचवीत नाही, पण ते आहे. 'पोलिश' म्हणताच ते नाते पुसले जाते, आणि एका बाजूला पोलिश, दुसऱ्या बाजूला ज्यू अशी नेहमीची विभागणी परत येते.

वर्गात घराच्या रूपकापाशी एका विद्यार्थिनीने विचारले, "या 'आपण'मध्ये ज्यू आहेत की नाहीत?" ते रूपक असे : आपण ज्यूंना आपल्या घरात घेतले, पण तळघरात राहावयास लावले, ते वरच्या दालनांत येऊ लागले तेव्हा अट घातली की आधी ज्यूपण सोडा. निबंधातील हा सर्वांत धारदार परिच्छेद आहे, आणि तो घालूनपाडून बोलणारा नाही, कबुलीचा आहे. तरीही प्रश्न बिनतोड होता. ज्यूंना सनद देणारा पोलिश राजपुत्राचा कालिश येथील लेख १२६४ चा आहे. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे तेहतीस लाख ज्यू होते, लोकसंख्येच्या जवळजवळ दहावा हिस्सा; त्यांतील सुमारे तीस लाख मारले गेले. सात शतके जे राहिले ते अजून 'घरात घेतलेले'च? कबुली देणाऱ्या वाक्याच्या व्याकरणातच घराची मालकी ठरून गेलेली आहे. त्या वाक्यापाशी मी शेवटी 'आम्ही' लिहिले. 'आपण' लिहिणे खोटे झाले असते.

ब्वोन्स्की समाजशास्त्रज्ञ असते तर ही गोष्ट सोडून देता आली असती. पण ते पोलिश साहित्याचे इतिहासकार होते. ब्रूनो शूल्झ, बोलेस्वाव लेश्म्यान, यूलियान तूविम ही नावे वगळली तर विसाव्या शतकातील पोलिश गद्यपद्याचा इतिहास लिहिताच येणार नाही. शूल्झला नोव्हेंबर १९४२ मध्ये द्रोहोबिचच्या रस्त्यात गोळी घालून मारण्यात आले. तूविमने १९४४ मध्ये, घेट्टोतील उठावाला वर्ष झाल्यानिमित्त, न्यूयॉर्कमध्ये एक गद्य जाहीरनामा लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'आम्ही, पोलिश ज्यू' असा आहे. पोलिश आणि ज्यू या दोन शब्दांना एका अनेकवचनात बसविण्याचा हा प्रयत्न, आणि तोही पोलिश भाषेच्या एका श्रेष्ठ कवीने केलेला. घरात घेतले असे ज्याच्याविषयी म्हणावे लागते त्यानेच त्या घराची भाषा बांधलेली होती. निबंधाच्या 'आपण'ला तूविमच्या या सर्वनामाशी भिडावे लागले असते तर तो निबंध वेगळा झाला असता. कदाचित अधिक अवघड झाला असता आणि 'तिगोद्निक'च्या वाचकांपर्यंत इतका पोहोचला नसता, हेही खरे.

कारण तो कोणासाठी लिहिला गेला हे विसरून चालणार नाही. निबंधात एक काल्पनिक संवाद आहे. परदेशी गेलेल्या पोलिश माणसाला कोणी तरी विचारतो की तुम्ही लोक ज्यूद्वेष्टे का; मग प्रश्नोत्तरे होतात, सबबी निघतात, दाखले दिले जातात, आणि शेवटी दोघेही थकतात. म्रोझेकच्या या मित्राला नाट्यप्रवेश लिहिता येत होता! या संवादातील पोलिश माणूस परक्याशी 'आम्ही'च्या भाषेत बोलतो, म्हणून त्याला बचाव करावा लागतो. ब्वोन्स्की यांचे म्हणणे असे की हा संवाद कधीच सुटणार नाही. त्याआधी घरातल्या घरात, 'आपण'च्या भाषेत बोलावे लागेल. घासाघीस थांबवून आपल्या पापाकडे, आपल्या दुबळेपणाकडे पाहावे लागेल. कॅथलिक साप्ताहिक, पोलिश वाचक, कबुलीची परिचित भाषा : या चौकटीत ते 'आपण' साधले.

व्वादिस्वाव शिवा-नोवित्स्की यांचे उत्तर फेब्रुवारीत त्याच साप्ताहिकात आले. त्यांना सामान्य राष्ट्राभिमानी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. जर्मनांविरुद्ध आणि नंतर कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध भूमिगत लढा दिलेला, मृत्युदंडाची शिक्षा होऊन १९५६ पर्यंत तुरुंगात काढलेला, पुढे राजकीय आरोपींची वकिली केलेला हा माणूस. ज्यूंना आसरा देणाऱ्यास जर्मन अंमलात देहान्ताची शिक्षा होती आणि तरीही अनेकांनी तो दिला, हे त्यांनी सांगितले. जर्मन काळातील आपल्या राष्ट्राच्या वर्तनाचा आपल्याला अभिमान आहे, असे बजावले. त्यांच्या लेखात वकिलाची भाषा आहे : आरोप, पुरावा, बचाव. त्यांनी ब्वोन्स्की यांचे 'आपण' हे 'आम्ही' म्हणून ऐकले, जणू न्यायालयात परक्यांसमोर दिलेला कबुलीजबाब. हा केवळ गैरसमज नव्हता. त्याच वर्षी निबंधाचा इंग्रजी अनुवाद 'पोलिन' या वार्षिकात आला, आणि १९९० मध्ये अँटनी पोलोन्स्की यांनी या वादाचे संकलनच इंग्रजीत काढले. घरातले 'आपण' वेशीबाहेर गेले की त्याचे 'आम्ही' होतेच.

निबंधाची खरी कसोटी मात्र नंतर आली. ब्वोन्स्की यांनी दोषाचा वाटा मान्य करताना प्रत्यक्ष सहभागापाशी एक रेघ ओढली होती. युद्धापूर्वीचा ज्यूद्वेष पाहता पोलिश लोक संहारात उतरले असते. उतरले नाहीत, कारण देवाने तो हात अडविला, ते अजून थोडेफार ख्रिस्ती होते, असे त्यांनी लिहिले. २००० मध्ये यान तोमाश ग्रॉस यांचे 'शेजारी' हे पुस्तक आले. १० जुलै १९४१ रोजी येद्वाब्ने या गावात तेथील पोलिश रहिवाशांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळल्याची हकीकत त्यात होती. सरकारी स्मृतिसंस्थेच्या तपासाने पोलिश रहिवाशांनीच हे कृत्य केल्याचे मान्य केले आणि बळींची संख्या किमान ३४० धरली. ग्रॉस यांचा आकडा याहून खूप मोठा होता. हात अडला नव्हता. निदान सगळे हात अडले नव्हते.

यावरून ब्वोन्स्की यांचा निबंध कालबाह्य झाला असे म्हणणारे आहेत. वस्तुस्थितीच्या पातळीवर ती रेघ पुसली गेली, हे मान्यच करावयास हवे. पण मला यात समीक्षेच्या दृष्टीने दुसरेच काही दिसते. ती रेघ कवितेत नव्हतीच. मिवोश यांचा गरीब ख्रिस्ती माणूस मी हात लावला नाही असे कोठेही म्हणत नाही. आपली गणना कोणत्या बाजूला होईल एवढीच त्याला भीती आहे, आणि त्या भीतीला कवितेने सीमा घातलेली नाही. समीक्षकाने ती घातली, कारण त्याला आपल्या वाचकांना सोबत न्यावयाचे होते आणि 'आपण' टिकवावयाचे होते. सहभाग आणि दोष यांतील भेद हे या वाचनाचे सर्वांत मोठे यश, आणि तोच भेद वापरून एक दार बंद करणे ही त्याची सर्वांत मोठी चूक. दोन्ही एकाच वाक्यसमूहात आहेत.

जानेवारी २०१८ मध्ये नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्यास तुरुंगवास देणारी कायदादुरुस्ती पोलंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात संमत झाली आणि टीकेनंतर जूनमध्ये तीतील शिक्षेची तरतूद मागे घेण्यात आली. त्या दुरुस्तीची भाषाही शिवा-नोवित्स्की यांच्यासारखीच बचावाची होती, फक्त तिच्यामागे त्यांचे आयुष्य नव्हते.

माझ्या मसुद्यात एकूण तीन ठिकाणी 'आम्ही' राहिले : काल्पनिक संवादात, घराच्या रूपकात, आणि देवाने हात अडविल्याच्या वाक्यात. बाकी सर्वत्र 'आपण' आहे. तिसऱ्या जागेविषयी वर्गात एकमत झाले नाही. मिवोश यांच्या कवितेचा मसुदा करताना हा प्रश्न उद्भवलाच नाही. तेथे शेवटपर्यंत 'मी' आहे.